एकसष्टाव्या वर्षी तिसरा महिना

वाशीम जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी बत्तीस वर्षं लॅब टेक्निशियन होते. हे पद उच्चारताना लोकांची जीभ अडखळायची, म्हणून त्यांनी मला परस्पर ‘रगतवाली बाई’ करून टाकलं. बाजारात कुणी ‘तायडे मॅडम’ म्हटलं तर मी चटकन वळायची नाही, पण ‘ओ रगतवाल्या बाई’ ऐकलं की वांगी तिथंच टाकून मागं बघायची. दवाखाना कुठला ते सांगत नाही आणि माणसांची नावंही बदलली आहेत. कारण यात एक गाढवपणा आहे, आणि तो माझा आहे.

आमचा धंदा बाहेरून फार सोपा दिसतो. दंडाला पट्टा बांधायचा, शीर शोधायची, सुई घालायची, नळी भरायची आणि नळीवर नाव लिहायचं. शिकाऊ पोरींना वाटायचं, सुई घालणं हेच अवघड काम. मी त्यांना पहिल्या दिवशी सांगायची, सुई चुकली तर पेशंट ओरडतो, तेव्हा ती चूक लगेच कळते. नाव चुकलं तर कुणीच ओरडत नाही. हे मी तोंड वर करून इतक्या वेळा सांगितलंय की आता आठवलं तरी कानशिलं गरम होतात.

गिऱ्हाईकं म्हणाल तर एकाहून एक. शेंगदाण्याएवढं रक्त काढलं तरी “बाई, वापस द्या मंग उरलं तं” म्हणणारे होते. बांगड्यांचं दुकान असलेले सलीमभाई दर दोन महिन्यांनी शुगर तपासायला यायचे. आकडा ऐकला की दुकानातली सवय उसळून यायची.

“एकशे अंशी? मॅडम, ये तो बहुत ज्यादा बोल दिया. काही वाजबी सांगा.”

“सलीमभाई, मशीननं सांगितलंय.”

“मशीन तुमची, गिऱ्हाईक जुनं. एकशे चाळीस लावून टाका, ना तुमचं ना आमचं.”

मी कमी करत नाही म्हटल्यावर ते दारापर्यंत जायचे आणि मी मागून हाक मारते का म्हणून एकदा थांबायचे. मी कधी मारली नाही.

गरोदर बायांची शुगर हा तर वेगळाच तमाशा. पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोज पेलाभर पाण्यात कालवून प्यायला द्यायचं, बाईला दोन तास एका जागी बसवायचं आणि मग रक्त काढायचं. आकडा एकशे चाळीस किंवा त्याच्या वर गेला तर तिला गरोदरपणातला मधुमेह आहे असं समजायचं. ही शुगर बाळंतपणानंतर बहुतेक निघून जाते, पण नऊ महिन्यांत घोळ घालते. आईच्या रक्तातली जादा साखर बाळाला मिळते, बाळ नको तेवढं वाढतं, आणि कधी कधी शेवटच्या दिवसांत पोटातच जातं. पण ते पाणी इतकं गोड असतं की अर्ध्या बाया खिडकीतून ओकायच्या. एकीनं अर्धा पेला सोबत आलेल्या जावेला पाजला, कारण एकटीनं कसं प्यायचं, बरं दिसते का ते! दोघींची शुगर छान आली.

अशात आमच्याकडे पुण्याची एक मोठी संस्था अभ्यासासाठी आली. केतकी मॅडम म्हणून एक शास्त्रज्ञ होत्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी मला मेटाबोलाइट समजावून सांगितले आणि मी माझ्या बायांना ते माझ्या पद्धतीनं सांगायची. आपण खाल्लेलं शरीर दिवसभर रांधत बसतं, त्या रांधण्यातून शेकडो बारीक पदार्थ रक्तात उतरतात, त्यांना मेटाबोलाइट म्हणायचं. साखर त्यातली एक. शेजारणीकडे काय शिजतंय ते ताट वाढायच्या आधीच आपल्याला वासावरून कळतं ना, तसं पहिल्या तीन महिन्यांच्या रक्तातल्या या पदार्थांवरून पुढं कुणाला शुगर होणार हे आधीच ओळखता येईल का, एवढाच त्यांचा प्रश्न. त्यासाठी बारा आठवड्यांच्या आतलं, उपाशीपोटी काढलेलं रक्त हवं. ते मी मशीनमध्ये फिरवून, वरचं पिवळं पाणी वेगळं करून खोल फ्रीजरमध्ये ठेवायचं. महिन्यातून एकदा धूर निघणारी बर्फाची पेटी यायची आणि ते पुण्याला जायचं.

केतकी मॅडमना वाटलं, यात काय अवघड! त्यांना हे माहीत नव्हतं की आमच्याकडे तीन महिने पुरे होईपर्यंत गरोदर बाई गरोदर नसतेच. तिला पित्त झालेलं असतं. तिला ऊन लागलेलं असतं. शेजारीण, नणंद, आशाताई, कुणालाच सांगायचं नाही, नजर लागते. चौथा लागला की मग एकदम पेढ्यासकट यायच्या. मी विचारायची, “आधी काहून नाही आलीस?” तर म्हणायची, “आंधी कुठी काय होतं?” तीन महिन्यांत माझ्याकडे सात नमुने जमले. पुण्याहून दर सोमवारी फोन यायचा आणि केतकी मॅडम अतिशय गोड आवाजात विचारायच्या, “ताई, आठवा?” त्या गोडीनं मला दोन तासांच्या पाण्यासारखं मळमळायला लागायचं.

एका सकाळी रिठदहून कौसाबाई आली. धिप्पाड, नऊवारी कसून नेसलेली, आवाज पारापर्यंत जाईल असा. तिच्या मागे तिची सून ज्योती, हातात पिशवी घेऊन.

“माई शुगर पाहाची हाये,” कौसाबाईनं सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं. “वय एकसष्ट. चक्कर येते.”

आत येऊन तिनं दार लोटलं, स्वतः बाकावर बसली आणि सुनेचा हात माझ्यापुढं धरला. “इचं काढा.”

“अहो, चक्कर तुम्हाला येते ना?”

“मले कायची चक्कर येते? इले दुसरा सरून तिसरा लागला.” तिचा आवाज एकदम खाली आला. “घरी कोनाले मालूम नाई. माया मालकालेही नाई. फक्त आमी दोघी अन् माया गज्या.” गज्या म्हणजे ज्योतीचा नवरा गजानन.

मग तिनं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी ज्योतीला दिवस गेले तेव्हा पुंजाजींनी, म्हणजे कौसाबाईच्या मालकांनी, दुसऱ्याच महिन्यात गावभर सांगितलं होतं. शुगरचं पाणी प्यायला दिलं ते ज्योतीनं ओकून टाकलं आणि पुन्हा तपासायला ती गेलीच नाही. नवव्या महिन्यात बाळ झालं, सव्वाचार किलोचं.

“असं गुबगुबीत,” कौसाबाई म्हणाली. “म्या दारापाशी कान लावून उभी होती. आता रडन, मंग रडन. रडलंच नाई, बाई. पोटातच गेल्तं.”

ज्योती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

“तं या डावा पाचवा लागेपरयंत कोनाले सांगाचं नाई. पन तुमी रगत पुण्याले धाडता म्हंतात, तिथं आंधीच समजते म्हंतात. म्हनून आलो.”

मी तिला खरं तेच सांगितलं. हा अभ्यास आहे, त्याचा निकाल तुम्हाला मिळणार नाही, तो पुढच्या बायांच्या कामाला येईल.

“मंग मांगच्या बायाईनं काहून नाई देल्लं रगत? आमच्या कामाले आलं असतं.”

मी म्हटलं, अभ्यासाचं राहू द्या, पण साधी शुगरची तपासणी मात्र आपल्याच मशीनवर होते, ती आजच करू. सकाळपासून काही खाल्लं का? दोघी म्हणाल्या, काहीच नाही. चहा? चहाही नाही. चहाला खाणं न समजणाऱ्या आमच्या भागात असं उत्तर मिळणं म्हणजे नवलच. मी खूश झाले. म्हणजे पुण्याच्या नमुन्यालाही हे रक्त चालणार होतं. आठवा नमुना समोर बाकावर बसला होता.

“कागदावर नाव मातर माहं लिवा,” कौसाबाई म्हणाली. “तुमचा शिपाई आमच्या गावचा हाये. इचं नाव दिसलं का सांजेपरयंत पारावर.”

इथं मी ‘नाही’ म्हणायला हवं होतं. बत्तीस वर्षं पोरींना जे सांगत आले ते स्वतःला सांगायला हवं होतं. पण डोक्यात सोमवारचा फोन वाजत होता. मी म्हटलं, आत्ता लिहू, निकाल आला की मी स्वतः डॉक्टरांना कानात सांगेन आणि मागाहून कागद दुरुस्त करेन. उपाशीपोटीचं रक्त काढलं आणि नळीवर लिहिलं कौसाबाई, वय एकसष्ट. पुण्याच्या फॉर्मवर लिहिलं कौसाबाई, वय एकसष्ट, महिना तिसरा. संमतीच्या जागी कौसाबाईनं अंगठाही ठोकला, चांगला ठसठशीत. ज्योतीनं या वेळी नाक दाबून पेला पोटात घातला आणि दोन तास ओठ मिटून बसली. पोर मोठ्या हिमतीची.

मी दोन तासांचं रक्त काढलं, नळी मशीनला लावली, आणि अकोल्याहून फोन आला की माझ्या मुलीला कळा सुरू झाल्या, वीस दिवस आधीच. मी हातमोजे काढले, रजेचा अर्ज टेबलावर टाकला आणि मिळाली ती एसटी धरली. नातू झाला. पुढचे तीन आठवडे मी दुपटी, लंगोट, शेक आणि अळिवाची खीर यांत इतकी बुडाले की दवाखाना म्हणून काही असतो हेच विसरले. ज्योतीला तर साफ विसरले. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच झालं.

परत येऊन खुर्चीवर टेकले तोच सोमवारचा फोन.

“ताई, अभिनंदन! आणि एक गंमत सांगू? तुमच्या यादीत एक एकसष्ट वर्षांच्या आजी आहेत. महिना तिसरा!”

मी हसले. त्याही हसल्या. “आमच्या अख्ख्या प्रयोगशाळेत त्यांचा सत्कार करायचं चाललंय,” त्या म्हणाल्या. मी आणखी हसले, आणि मधेच थांबले. पुण्याला जर आजी गेली, तर घरी कुणाचा रिपोर्ट गेला?

रजिस्टर काढलं. माझ्या मागं शिकाऊ पोरीनं मशीनवरचा आकडा उतरवला होता: कौसाबाई, एकसष्ट, दोन तासांची शुगर एकशे बावन्न. शेजारी डॉक्टरांचा शेरा: गोड कमी, रोज चालणे, तीन महिन्यांनी तपासणी. डॉक्टरांचं काही म्हणता काही चुकलेलं नव्हतं. एकसष्ट वर्षांच्या बाईला एकशे बावन्न म्हणजे काठावरची गोष्ट, घाई नाही. गरोदर बाईला तोच आकडा म्हणजे आजच्या आज उपचार. तीन महिन्यांनी तिचा सहावा लागला असता. आकडा खरा होता, मशीन खरं होतं, फक्त त्यावरचं नाव मी खोटं लिहिलं होतं.

फोन करावा तर दिलेला नंबर पुंजाजींचा. मी रिठदला जाणारी जीप धरली. मागच्या बाकावर दोन सोयाबीनच्या पोत्यांमध्ये बसले होते आणि मला त्या सव्वाचार किलोच्या बाळाशिवाय काही सुचत नव्हतं. मला भीती वाटत होती. आणि लाज.

अंगणात पोचले तर वेगळंच दृश्य. कौसाबाई पदर खोचून, पायात मुलाचे बूट घालून कडुनिंबाभोवती गरगर फिरत होती. पुंजाजी ओट्यावर मुठीत चिंचोके घेऊन बसले होते आणि प्रत्येक फेरीला एक चिंचोका खाली टाकत होते. कुंपणाशी तीन शेजारणी करमणूक बघत उभ्या होत्या.

“पंधरा झाले. पाच राह्यले. थांबू नको, डॉक्टरनं सांगतलं हाये.”

“तुमीच फिरा ना माया बदली,” कौसाबाई धापा टाकत म्हणाली.

“मले कुठी शुगर हाये?”

वीस दिवस हे चाललं होतं. सकाळी कारल्याचा रस, बिनसाखरेचा चहा, संध्याकाळी वीस फेऱ्या, सगळं पुंजाजींच्या देखरेखीखाली. बिचारी बोलणार काय? बोलली तर गुपित फुटणार. डॉक्टर ‘थोडीशी आहे’ म्हणाले म्हणून ती निर्धास्त होती. आणि तिच्या वाटची साखर वाया जाऊ नये म्हणून पुंजाजींच्याच हुकमानं ती जात होती सुनेच्या ताटात. ज्योती दारात बसून शिरा खात होती, वर तुपाची धार.

“कौसाबाई, जरा आत या, बोलायचंय,” मी म्हटलं.

“जे सांगाचं थे मायासमोर सांगा,” पुंजाजी उठले. “काई वाढलं का शुगर-बिगर?”

शेजारणी कुंपणाला आणखी चिकटल्या. मी घसा साफ केला. “तसं नाही. एकशे बावन्न हा आकडा कौसाबाईंना फार नाही. पण समजा... दुसरी एखादी बाई असती, गरोदर, तर तिला तो फार आहे. तिला तीन महिने थांबून चालत नाही. तिला उद्याच दवाखान्यात यावं लागतं.”

“मंग थे दुसरी येईन ना,” पुंजाजी म्हणाले. “तुमी हिच्याबद्दल बोला.”

कौसाबाई सोळाव्या फेरीत उभी राहिली. तिनं माझ्याकडे बघितलं, मग ज्योतीच्या हातातल्या वाटीकडे. झपाझप गेली आणि ती वाटी हिसकून घेतली.

“आत्याबाई, काय झालं?” ज्योती घाबरली.

“तीन मईने नाई?” कौसाबाईनं मला विचारलं.

“नाही. उद्या.”

“मागच्या डावासारकं व्हईन काय?”

“आत्तापासून सांभाळलं तर बहुतेक नाही होणार. पण लपवून सांभाळता येणार नाही. माझी चूक झाली, कौसाबाई. मी नाव खोटं लिहायलाच नको होतं.”

कुंपणाशी तीन बाया, ओट्यावर नवरा, रस्त्यावर माझी जीपवाली माणसं. जी गोष्ट तिनं पाचव्या महिन्यापर्यंत पदराआड ठेवली असती, ती तिनं अंगणाच्या मधोमध उभं राहून अख्ख्या गल्लीला ऐकवली.

“मले काई शुगर नाई! थे रगत ज्योतीचं हाये! सून पोटुशी हाये माई, अन् शुगर तिले हाये! ज्याले नजर लावाची त्यानं आताच लावून घ्या, मंग मले टाइम नाई!”

शेजारणींपैकी एकीनं चक्क दोन्ही हातांनी डोळे झाकले.

पुंजाजींच्या मुठीतले उरलेले चिंचोके खाली सांडले. “तू मले नाई सांगतलं?”

“तुमाले सांगतलं असतं तं पेपरात आलं असतं.”

“अन् म्या वीस दिवस कारलं कोनाले पाजलं मंग?”

“मले पाजलं! कोनाले पाजता अजून?”

पुंजाजी बराच वेळ चिंचोके गोळा करत राहिले. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्याला आम्हाला दाखवायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला अख्खं घर दवाखान्यात हजर. मी आधी डॉक्टरांपुढं आणि मग कागदावर माझी चूक कबूल केली. मला लेखी समज मिळाली, बत्तीस वर्षांतली एकुलती एक, आणि ती योग्यच होती. केतकी मॅडमना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी आधी ज्योतीची तब्येत विचारली. मग म्हणाल्या, “ताई, हा नमुना फेकावा लागेल. संमतीच दुसऱ्या बाईची आहे.” मी म्हटलं, फेका. त्यांना काही वर्षांनी जे आधीच ओळखता यावं असं वाटत होतं, ते माझ्या साध्या मशीननं त्याच दिवशी ओळखलं होतं, आणि मीच ते भलत्या माणसाच्या नावावर घातलं होतं. सोमवारी फोन आला तेव्हा आम्ही पुन्हा सातवर होतो.

पुढचे महिने ज्योतीनं फार निगुतीनं काढले. ज्वारीची भाकर, मोजून भात, जेवणानंतर चालणं. सातव्यात थोडं इन्सुलिन लागलं. कडुनिंबाभोवती आता ती फिरायची, सोबतीला कौसाबाईही, आणि चिंचोके पुंजाजींकडेच होते. दर आठवड्याला रक्त द्यायला आली की कौसाबाई नळी हातात घेऊन मला तिच्यावरचं नाव मोठ्यानं वाचायला लावायची. मी मुकाट्यानं वाचायची.

दिवस भरले तेव्हा आमच्याच दवाखान्यात बाळंतपण झालं. त्या दुपारी मी लॅबमधून दोनदा उठून बघून आले. कौसाबाई व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून उभी होती. दोन्ही कानांत बोटं खुपसलेली. मागच्या खेपेला ती दाराला कान लावून उभी होती ना, म्हणून. पुंजाजींनी तिचा हात ओढला, गजाननानं हाका मारल्या, पण तिनं बोटं काढली नाहीत. मुलगी झाली, तीन किलोची. ती आत केवढ्यानं रडली ते मी लॅबमध्ये ऐकलं, फक्त कौसाबाईनं ऐकलं नाही.

गुंडाळून बाहेर आणली तोवर पोर गाढ झोपली होती. कौसाबाईनं तिला मांडीवर घेतलं आणि एकटक बघत बसली. “श्वास घेते काय?” एवढंच तिनं सिस्टरला तीनदा विचारलं.

आईला शुगर असली की जन्मल्यावर बाळाची साखर एकदम उतरू शकते, म्हणून टाचेला टोचून थेंबभर रक्त तपासतात. ते काम सिस्टरचं, पण त्या दिवशी मी ते मागून घेतलं. मी सुई काढलेली बघताच कौसाबाईनं माझं मनगट धरलं.

“इले नाई टोचाचं. मायाकडून किती पाह्यजे तितकं घ्या.”

“तुमच्या नावानं घेऊन एकदा पस्तावलेय मी. हात सोडा.”

तिनं हात सोडला आणि डोळे मिटले. मी ती इवलीशी टाच चोळून गरम केली आणि टोचली. पोरीनं डोळे उघडले, तोंड वासलं, आणि असा काही टाहो फोडला की पलीकडच्या वॉर्डातल्या बाया दारात आल्या. साखर चांगली होती. मी आकडा सांगितला, पण कौसाबाईचं लक्षच नव्हतं. ती पोरीच्या उघड्या तोंडाकडे बघत होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. पोर हळूहळू शांत झाली, पुन्हा झोपली. कौसाबाईनं तिचा दुसरा पाय दुपट्यातून बाहेर काढून माझ्यापुढं धरला.

“बाई, अजून एक डाव टोचा ना.”

मी म्हटलं, दोन तासांनी पुन्हा टोचायचंच आहे.

“मंग म्या इथीच बसते,” ती म्हणाली.